कुत्रा अंगण उकरतो तेव्हा आधी खड्डा नीट पाहा

प्रश्न असा आहे. इंदुरात सुदामानगरला बैठे घर, मागे साधारण तीस बाय वीस फुटांचे अंगण, सगळी काळी माती. दोन वर्षांचा लॅब्राडोर, वजन ३० किलो. एप्रिलपासून तो तीन ठिकाणी उकरतो: खिडकीतल्या कूलरखाली, कंपाउंडच्या भिंतीलगत मोगऱ्याच्या वाफ्यात आणि मागच्या फाटकाखाली. खड्डे रोज बुजवून झाले, ओरडून झाले, मिरचीपूड टाकून झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, दिवसभर बांधून ठेवा. पावसाळ्याआधी काय करता येईल?

ताई, बांधून ठेवू नका. बांधलेला कुत्रा दोरी पोचेल तेवढ्या जागेत उकरतोच. खुंट्याभोवती अर्धचंद्रासारखे खड्डे दिसतात ते यामुळेच. शिवाय दिवसभराची साठलेली ताकद सोडल्याबरोबर तो अंगणावर काढतो. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, त्यांचा वैताग खरा आहे, पण उपाय उलटा पडेल.

तुम्ही ज्या तीन जागा लिहिल्या आहेत त्यांतच निम्मे उत्तर आहे. तीन जागा म्हणजे बहुधा तीन वेगळी कारणे, आणि तिन्हींना एकच औषध लागू पडणार नाही. म्हणून पहिले सात दिवस टिपण ठेवा: कोणत्या जागी, किती वाजता, किती खोल, आणि उकरून झाल्यावर कुत्रा काय करतो. खड्ड्यात बसतो? नाक खुपसून फुरफुरतो? की फाटकाबाहेर पाहत राहतो? या शेवटच्या गोष्टीवरून कारण कळते. खड्डे बुजवत राहण्यापेक्षा हे सात दिवस जास्त उपयोगाचे आहेत.

कूलरखालचा खड्डा बहुधा उथळ असेल, वीतभर खोल, ताटासारखा पसरट, आणि दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान केलेला. त्यात कुत्रा पोट टेकून, मागचे पाय पसरून बसत असेल तर प्रश्न उन्हाचा आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० ते ४२ अंशांवर जातो. माळव्याची रात्र थंड होते म्हणून आपल्याला दिवसाचा ताप विसरायला होतो, पण अंगावर दाट लव असलेला, जवळजवळ फक्त धापेनेच अंग गार करणारा प्राणी दुपारभर झुंजत असतो. वरची माती तापलेली असली तरी वीतभर खाली ती गार असते, आणि कूलरचे पाणी ठिबकते तिथे ओलही असते. त्याने घरातली सर्वांत गार जागा शोधून काढली आहे. याबद्दल त्याला रागावणे अन्यायाचे आहे.

इथे करायचे ते एवढेच: त्याला त्याहून गार जागा द्या. शक्य असेल तर दुपारी घरात घ्या, फरशीवर पंख्याखाली. नसेल तर कूलरच्याच बाजूला, भिंतीच्या सावलीत, जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर उंच अशी विणलेली बाज ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते. वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी ताणा. पत्रा किंवा प्लॅस्टिक नको, ते तापते. बाजेवर ओले गोणपाट टाका आणि दोन-तीन तासांनी पुन्हा भिजवा. पाणी मातीच्या रुंद कुंडीत, दोन जागी ठेवा. कुत्र्याला साधारण किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे तुमच्या कुत्र्याला दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर; उन्हाळ्यात याच्या दुप्पट धरून चाला. कूलरचे ठिबकणारे पाणी नळीने कुंडीत किंवा झाडाला वळवा आणि जुन्या खड्ड्यावर फरशी टाका. बाज आधी, फरशी नंतर. फरशी आधी टाकली तर तो शेजारीच नवा खड्डा करेल.

मोगऱ्याच्या वाफ्यातल्या खड्ड्यात मात्र दोन शक्यता आहेत, आणि दोन्हींमध्ये जिवाला धोका असू शकतो. म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिली शक्यता खताची. उन्हाळ्याच्या तोंडावर मोगऱ्याला खत घालतात. हाडांचा चुरा, मासळीचे खत किंवा ओले शेणखत घातले असेल तर कुत्र्याच्या नाकाला ती मेजवानी पुरलेली आहे. हाडांचा चुरा भरपूर खाल्ला तर पोटात घट्ट गोळा होऊन तो अडकू शकतो. पण खरी भीती एरंडीच्या पेंडीची. नर्सरीत ती सेंद्रिय खत म्हणून सहज मिळते, नुसती किंवा इतर पेंडींत मिसळलेली. तिच्यात रिसिन नावाचे विष असू शकते आणि चव अशी की कुत्रे आवडीने खातात. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात: उलट्या, पोटदुखी, रक्ताचे जुलाब, मग गळाठा. तुमच्या घरात खताची पिशवी असेल तर आजच तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. एरंडी पेंड असेल तर ती घरातून काढाच, आणि वाफ्यात घातलेली असेल तर वरची १५ सेंटीमीटर माती उचलून टाका. पुढे मोगऱ्याला पूर्ण कुजलेले गांडूळखत घाला, मातीत मिसळून, आणि चार-पाच दिवस वाफा झाकून ठेवा. कुत्र्याने पेंड खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता पिशवी बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जा. मीठ पाजून उलटी करवण्याचा घरगुती प्रकार करू नका, त्या मिठानेच विषबाधा होते.

दुसरी शक्यता बिळाची. खड्डा अरुंद, खोल आणि भिंतीला धरून एका रेषेत पुढे सरकत असेल, कुत्रा कान पुढे करून, शेपूट ताठ ठेवून फुरफुरत असेल आणि उकरण्याची वेळ पहाटे किंवा रात्रीची असेल, तर खाली घूस आहे असे समजा. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असतो आणि भोक मूठ जाईल एवढे असते. हिरवळीत छोटे छोटे बरेच खड्डे असतील तर ते हुमणीसाठी, म्हणजे मातीतल्या पांढऱ्या अळीसाठी. तो प्रकार पावसानंतरचा.

घुशीसाठी विषारी गोळी किंवा वडी ठेवू नका. झिंक फॉस्फाइडच्या विषातून पोटात विषारी वायू तयार होतो आणि वेळ फार थोडा मिळतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या वडीने रक्त गोठायचे थांबते. कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते किंवा नुसताच धापा टाकायला लागतो. वेळेत कळले तर व्हिटॅमिन के-वन देऊन कुत्रा वाचतो, पण ते उपचार काही आठवडे चालतात. वडी कुत्र्यापासून लपवली तरी विष खाल्लेली घूस त्याच्या तोंडी लागतेच. बिळात काचा भरण्याची जुनी पद्धतही सोडा, त्या काचा कुत्र्याच्या पंजात जातात.

याऐवजी लोखंडी पिंजरा लावा. घुशीसाठी मोठ्या मापाचा, उंदराचा नव्हे. आमिषाला भज्याचा तुकडा किंवा शेंगदाणे लावलेली भाकरी. पहिले दोन दिवस पिंजरा उघडाच ठेवा, म्हणजे घूस त्याला सरावते. तिसऱ्या दिवशी चाप लावा. पिंजरा कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी, भिंतीपलीकडे किंवा आडोशाला ठेवा. बिळे रिकामी झाल्यावर बारीक गिट्टी आणि सिमेंट ठासून तोंडे बंद करा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घुशीचे खाणे बंद करा: रात्री कुत्र्याचे उरलेले जेवण उचला, पक्ष्यांचे दाणे आणि पडलेल्या कैऱ्या रोज झाडून काढा.

घुशीचा आणखी एक धोका लक्षात ठेवा. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पावसाळ्यात ओल्या मातीत त्याचे जंतू टिकतात. बिळे उकरणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस दर वर्षी दिलीच पाहिजे. लसीच्या कार्डावर तिची नोंद आहे का ते बघा, कारण सगळ्याच एकत्रित लसींत ती नसते. ताप, उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि हा आजार माणसालाही होतो म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला. पावसाळ्यात रिकाम्या बिळात नाग किंवा घोणस शिरते. उकरताना कुत्रा एकदम केकाटून मागे आला आणि थोड्या वेळात तोंड सुजू लागले तर पट्टी बांधत बसू नका, हलू न देता उचलून न्या. रात्री-बेरात्री कुठे न्यायचे ते आधीच ठरवून ठेवा. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुदामानगरपासून तासाभराच्या आत आहे, पण रात्री कोण उघडे असते हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.

फाटकाखालचा खड्डा पळून जाण्यासाठीचा. दोन वर्षांचा नर, नसबंदी झालेली नसेल तर गल्लीतल्या माजावर आलेल्या कुत्रीचा वास त्याला बराच लांबून येतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीला जोरात असतो. नसबंदीने हे भटकणे बऱ्याच नरांत कमी होते. डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरी कोणी नसतानाच फाटकाशी उकरत असेल आणि सोबत रडणे, लाळ गाळणे, दार ओरबाडणे असेल, तर तो एकटेपणाचा त्रास आहे. त्याचा उपचार वेगळा आणि सावकाशीचा असतो, नुसता खड्डा अडवून तो सुटत नाही. आवाजाने घाबरलेला कुत्राही असाच दाराशी उकरतो. दिवाळीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री त्याला आतल्या खोलीतच ठेवा.

फाटकाखाली ६० सेंटीमीटर रुंद कोटा फरशीची पट्टी, निम्मी आत आणि निम्मी बाहेर, मुरमाच्या थरावर बसवा. फाटकाचा तळ आणि फरशी यांत ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको.

भिंतीलगत जाळी घालायची असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. मे महिन्यात भिंतीच्या कडेला बोट जाईल अशा भेगा पडतात. त्यात चार बोटे जाडीची काँक्रीटची पट्टी ओतली तर दुसऱ्या वर्षी ती तडकते. म्हणून जाळी. गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या, एक इंची चौकट, १४ गेज किंवा त्याहून जाड, तीन फुटी रोल. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात फूट मोजून मिळते. कोंबड्यांची षटकोनी पातळ जाळी या कामाला घेऊ नका. लॅब्राडोर ती दोन दिवसांत फाडतो आणि तारेची टोके पंजात घुसतात.

तुमच्याकडे पक्के कंपाउंड आहे, म्हणजे खाली पाया आहेच. त्यामुळे जाळी उभी गाडायची गरज नाही. भिंतीपासून आत तीन फूट जाळी आडवी पसरा, दर दोन फुटांवर लोखंडी यू-खिळ्याने जमिनीत ठोका, कडा खालच्या बाजूला दुमडा आणि वर तीन इंच मुरूम-माती टाकून धुमसाने ठोका. झाडाच्या बुंध्याभोवती पक्कडीने वीतभर गोल कापा, कापलेली टोके खाली वळवा. कुत्रा एक-दोनदा उकरेल, नखाला तार लागेल आणि सोडून देईल. पक्की भिंत नसून नुसते तारेचे कुंपण असेल तर जाळी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवतात: एक फूट खाली आणि दोन फूट आडवी, कुत्र्याच्या बाजूला. आडवा भाग हवाच, कारण कुत्रा कुंपणाच्या अगदी मुळाशीच उकरायला सुरुवात करतो. मागे सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही.

जुने खड्डे बुजवायचीही रीत आहे. निघालेली भुसभुशीत माती तशीच ढकलली तर ती पुन्हा उकरायला सर्वांत सोपी जागा होते. तळात मुरूम टाका, १० सेंटीमीटरचा थर, थोडे पाणी, धुमसाने ठोकणे, मग पुढचा थर. घराच्या जोत्यालगतचा खड्डा तर पाऊस येण्याआधी बुजलाच पाहिजे, कारण तिथे पाणी साठून काळी माती पायाशी फुगली की भिंतीला तिरपे तडे जातात. जोत्याभोवती वाळवीचे औषध मारलेले असेल तर तिथली माती त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. मीटरजवळ अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही पाहून घ्या: त्यात मीठ आणि कोळसा असतो, खारट वासाने कुत्रे तिथे उकरतात आणि तार उघडी पडते. त्यावर काँक्रीटचे झाकण हवेच.

आता उरला तो उकरण्याचा निव्वळ आनंद. हा काढून टाकता येत नाही, त्याला जागा द्यावी लागते. डॅक्सहुंड आणि टेरियर या जाती तर बिळात शिरण्यासाठीच घडवल्या गेल्या. डॅक्सहुंड या जर्मन नावाचा अर्थच बिज्जूचा (बॅजरचा) कुत्रा. आपल्या देशी कुत्र्याही पिलांसाठी घळ करतात. (तुमच्याकडे कुत्री असती तर हेही विचारले असते: माज येऊन सहा-आठ आठवडे झाले का? त्या वेळी खोट्या गाभणपणातही कुत्री कोपरा उकरून जागा करते, आणि खरी गाभण असेल तर ६३ दिवसांच्या आसपास.) लॅब्राडोर मुख्यतः कंटाळ्याने आणि ताकद उरल्यामुळे उकरतो.

त्याच्यासाठी रेतीची पेटी बांधा. जमिनीत खड्डा करून रेती भरू नका, काळ्या मातीत पाणी जिरत नाही आणि जुलैत त्याचे डबके होईल. जमिनीवर विटांच्या सहा थरांचा, साधारण ५० सेंटीमीटर उंच हौदासारखा कठडा घ्या, आतून १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. तळाच्या थरात दर दोन फुटांवर एक उभी सांध मोकळी सोडा, पाणी निघून जाईल. आत ८ सेंटीमीटर गिट्टी, त्यासाठी साधारण ६ घनफूट लागेल. तिच्यावर जुन्या फरशीचे तुकडे सैल मांडा, म्हणजे पंजा गिट्टीपर्यंत पोचत नाही आणि खडे गिळले जात नाहीत. वर ३५ सेंटीमीटर भराव: दोन भाग रेती, एक भाग चाळलेली पिवळी माती, मिळून साधारण २७ घनफूट. काळी माती मिसळू नका. ओली असताना ती बोटांच्या बेचक्यात चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पेटी सावलीत हवी, उन्हातली रेती पाय भाजते. संध्याकाळी झारीभर पाणी शिंपडा, कोरडी रेती त्याला आवडणार नाही. रात्री आणि पावसात ताडपत्री टाका, नाहीतर गल्लीतली मांजरे तिचा वेगळाच उपयोग करतील.

पेटी नुसती बांधून भागत नाही, शिकवावी लागते. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत तीन खेळणी अर्धी पुरा, अर्धी दिसू द्या. "इथे खण" म्हणा आणि त्याने पंजा मारताक्षणी शाबासकी आणि खाऊ. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे. तीन-चार दिवसांनी खेळणी पूर्ण झाका, पुढच्या आठवड्यात वीतभर खोल. त्याच्या नकळत अधूनमधून एखादी वस्तू पुरून ठेवा, म्हणजे पेटीत कधीही काही सापडू शकते हे त्याच्या डोक्यात बसते. दुसरीकडे उकरताना दिसला तर टाळी वाजवून नावाने हाक, पेटीकडे नेणे, तिथे उकरले की कौतुक. दोन-तीन आठवडे हे सगळे तुमच्या नजरेसमोर व्हायला हवे. त्या काळात तो अंगणात एकटा नको.

ओरडण्याचा उपयोग का झाला नाही? कुत्रा कृतीची आणि परिणामाची सांगड एक-दोन सेकंदांतच घालतो. तुम्ही संध्याकाळी खड्डा पाहून रागावलात तर त्याला एवढेच कळते की घरी आलेली बाई कधी कधी चिडलेली असते. कान पाडून, नजर चुकवून तो उभा राहतो ती कबुली नसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चूक न केलेले कुत्रेही मालक रागावल्यावर तसाच चेहरा करतात हे दिसले होते. मिरचीपूड तर आजच झाडून काढा. ती नाकाडोळ्यांत जाते, पंजावरून तोंडात जाते, आणि वाऱ्याबरोबर मुलांच्या डोळ्यांतही. डांबराच्या गोळ्या कुत्र्याला विषारी आहेत. खड्ड्यात पाणी भरून त्याचे तोंड बुडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, त्याने कुत्रा उकरायचे सोडत नाही, तुम्हाला भ्यायला लागतो.

त्याला रोज तास-सव्वातासाचे फिरणे हवे, उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर तळहात सात सेकंद टेकवता आला नाही तर त्याचे पायही भाजतील. त्यातली वीस मिनिटे दोरी ढिली सोडून त्याला मनसोक्त हुंगू द्या; नाकाचे कामही कुत्र्याला थकवते. जेवणातला तिसरा हिस्सा ताटलीत न देता गवतात विखरून टाका किंवा जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या. नखे दर तीन आठवड्यांनी कापा, आणि मातीत तोंड घालणाऱ्या कुत्र्याला जंताचे औषध दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत. पावसाळ्यात पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

क्रम असा धरा: बाज आणि सावली आज, खताची पिशवी तपासणे आज, लसीचे कार्ड उद्या. टिपण सुरू असतानाच पिंजरा लावा. फाटकाची फरशी आणि भिंतीची जाळी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरी करा. एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत कुदळ चालत नाही, धुमस चिकटतो आणि ठोकलेला भराव बसत नाही. मग हे काम थेट दसऱ्यानंतर.